होडी सरळ चालायला लागली: स्केगचा उलगडा आणि सीटचा बदललेला बेत

मंडळी, मी बांधलेली होडी सरळ चालली! वल्ही पाण्याबाहेर उचलून धरली आणि नाळ, म्हणजे होडीचं पुढचं टोक, जिकडे रोखलेली होती तिकडेच राहिली. होडी आपल्या लांबीच्या तिप्पट-चौपट अंतर तशीच सरकत गेली आणि थांबतानाही आडवी झाली नाही. मागच्या वेळी डावीकडच्या ओढीबद्दल लिहिलं तेव्हा बहुतेकांचं मत ‘सांगाड्यात पीळ बसला असणार’ असं पडलं होतं. दुखणं वेगळंच निघालं आणि इलाज ठरला स्केग, म्हणजे तळाखाली मागे बसवलेला उभा पंख, म्हणून सगळं सविस्तर लिहितो.

होडी तीच. सहा मिलिमीटर प्लाय, तीन मीटर लांबी, सपाट तळ, टाके आणि फिलेट (फळ्या टाक्यांनी जुळवून सांध्यात भरलेला इपॉक्सी गोंदाचा लगदा). तळ कोरडा आहे हे आधी सांगून टाकतो. चाइनच्या, म्हणजे तळ आणि बाजू जुळतात त्या सांध्यावर आतून बोट फिरवलं की अजूनही बरं वाटतं. फिलेटमध्ये लाकडाचा बारीक भुसा आणि सिलिका मिसळायचा निर्णय अगदी योग्य ठरला. नुसत्या भुशाचा लगदा उभ्या सांध्यावरून घसरतो, सिलिका घातली की जागच्या जागी राहतो.

आता ओढीचं प्रकरण. कसंही वल्हवलं तरी नाळ डावीकडे जायची, आणि वल्ही थांबवली की होडी आपल्या लांबीएवढंही अंतर न जाता पूर्ण आडवी व्हायची. मासेमारीत हे फार जाचतं. गळ टाकायला रॉड हातात घ्यावा तोवर तोंड भलतीकडे, मग रॉड ठेवून पुन्हा वल्ही हातात. डोहाच्या कडेला मासा दिसतोय आणि आपण गोल फिरतोय, असं चाललं होतं.

संशय तिघांवर होता: पीळ, वल्ही आणि वल्हवणारा.

पीळ आधी तपासला. होडी उलटी ठेवली, तळावर पुढे आणि मागे एकेक सरळ पट्टी आडवी टाकली आणि लांबून एका डोळ्याने दोन्हींच्या कडा जुळवून पाहिल्या. तळाच्या पाऊण मीटर रुंदीत फरक आला चार मिलिमीटरच्या आसपास. खात्रीसाठी होडी सुलटी करून चार कोपऱ्यांतून दोन दोऱ्या कर्णांवर ताणल्या. कोपरे एका पातळीत असले की दोऱ्या मध्यावर एकमेकींना जेमतेम टेकतात, तशा त्या टेकल्या. चार मिलिमीटरने होडी अशी गरकन फिरणार नाही.

वल्ह्यांची अदलाबदल केली, ओढ डावीकडेच. लांबीही पुन्हा मोजली. आपलं नेहमीचं सूत्र असं: दोन रोलॉकमधल्या (वल्ही अडकवायच्या खोबणींमधल्या) अंतराचं अर्ध, त्यात पाच सेंटिमीटर मिळवायचे, आलेल्या आकड्याला सातने भागून पंचवीसने गुणायचं. माझ्या रोलॉकमधलं अंतर १०७ सेंटिमीटर, म्हणजे वल्ह्याचा रोलॉकच्या आतला भाग साडेअठ्ठावन्न आणि पूर्ण वल्हं २०९. माझी वल्ही २१० ची आहेत. तिथेही खोट नाही.

मग एका डावखुऱ्या मित्राला वल्हवायला बसवलं. होडी उजवीकडे जायला लागली!

म्हणजे ज्याचा जो हात जोरकस, त्याच्या उलट बाजूला ओढ. पण हातांतला हा फरक इतका लहान असतो की चांगल्या होडीत तो जाणवतच नाही. माझ्या होडीत तो थांबत नव्हता, वाढत जात होता. खरा प्रश्न हा होता.

याचं उत्तर विमानविद्येत सापडलं. हवेतून किंवा पाण्यातून जाणारी, मागे पिसं नसलेली लांबट वस्तू जरा तिरकी झाली, की प्रवाह तिला परत सरळ करत नाही, आणखी तिरकी करतो. फुग्यासारख्या लांबट हवाई जहाजांच्या (एअरशिपच्या) आकारांचं गणित मांडताना मॅक्स मुंक यांनी १९२० च्या दशकात हे दाखवलं, आणि त्या फिरवणाऱ्या जोराला आजही मुंक मोमेंट म्हणतात. लांबट कवचाची स्वाभाविक ओढ आडवं होण्याकडेच असते. त्यात आपला तळ सपाट, मागचा भाग वर वळवलेला आणि ट्रान्सम (मागची आडवी फळी) पाण्याच्या वर, म्हणजे पाण्याला मागे धरून ठेवायला काहीच नाही. स्केग बाणाच्या पिसांचं काम करतो, मागे राहून शेपूट रेषेत ठेवतो. मूळ नकाशात तो ‘हवा असल्यास’ म्हणून दाखवलाय. सपाट तळाच्या एकट्याने वल्हवायच्या होडीत तो हवाच, असं माझं आता पक्कं मत आहे.

पुढचा प्रश्न मापाचा. तळाला भोकं पाडून प्रयोग करायची माझी अजिबात तयारी नव्हती. म्हणून उरलेल्या प्लायच्या तुकड्यांतून त्रिकोणी स्केग कापले, प्रत्येकाला एक रुंद फळी आडवी जोडली आणि ती फळी तळाला लावून सामान बांधायच्या रॅचेट पट्ट्याने अख्ख्या होडीभोवती आवळली. पट्टा जरा पाणी कापतो, पण चाचणीपुरतं उत्तम चालतं. एकही स्क्रू लागला नाही. स्केग बसवायचा विचार असेल त्यांनी हे जरूर करून पाहा, मापावरचा वाद पाण्यातच मिटतो.

चाचणी अशी: जोरात वल्हवायचं, थांबायचं, वल्ही उचलायची आणि नाळ किती फिरते ते पाहायचं. आठ सेंटिमीटर खोलीच्या स्केगने ओढ निम्म्याहून कमी झाली, तरी शेवटी होडी तिरकी व्हायची. बारा सेंटिमीटरने सरळ. पंधराने अगदी रुळावर बसल्यासारखी सरळ, पण वळवायला दोन्ही हातांनी झगडावं लागलं. लांबी सगळ्यांची सत्तर सेंटिमीटरच ठेवली होती. बारा पक्का केला.

पक्का बसवतानाच्या दोन गोष्टी. तळावरच्या इपॉक्सीवर हाताला मेणचट लागणारा थर होता. हार्डनरमधलं (इपॉक्सी घट्ट करणाऱ्या भागातलं) अमाइन हे रसायन हवेतला ओलावा आणि कार्बन डायऑक्साइड खेचतं, त्यातून तो तयार होतो. दमट हवेत तर ठरलेलाच. तो पाण्यात विरघळतो, म्हणून आधी साधं पाणी आणि घासणी, मग कोरडं करून काचपेपर. काचपेपर आधी मारला तर तो थर खरवडलेल्या रेघांत भरून बसतो आणि वरचा जोड कच्चा राहतो. दुसरी गोष्ट, स्केगच्या खालच्या कडेला प्लायचे पापुद्रे उघडे असतात आणि काठावर ओढताना तीच कड आधी झिजते. तिथे कठीण लाकडाची पट्टी बसवली आहे, झिजली की बदलता येईल.

क्लॅम्पबद्दल पुन्हा सांगतो, पीव्हीसी पाइपच्या कड्या कापा आणि एका बाजूने चिरा. गनवेलच्या (होडीच्या वरच्या काठाच्या) पट्ट्यांना ढीगभर क्लॅम्प लागतात आणि या कड्या छान दाब देतात. स्लो हार्डनरशिवाय काम करू नका. इपॉक्सी खोल डब्यात न ठेवता पसरट ताटलीत ओता, नाहीतर आपल्याच उष्णतेने भराभर गोठते. पॉलिस्टर रेझिन स्वस्त म्हणून लाकडावर वापरायचा सल्ला काही विक्रेते देतात, तो ऐकू नका. लाकडावर त्याची पकड इपॉक्सीच्या जवळपासही नसते. स्वस्तात होडी करायची तर रंगात वाचवा, सीटच्या लाकडात वाचवा, गोंदात वाचवू नका. प्लायवरच्या शिक्क्यावरही डोळे झाकून विश्वास नको. एक तुकडा तासन्‌तास उकळा, वाळवा, पुन्हा उकळा. पापुद्रे सुटले तर तो फळा होडीत जाणार नाही.

आता पेच सांगतो. स्केग बसवून नदीत गेलो आणि धारेतून भोवऱ्यात, म्हणजे धारेच्या कडेला मागे वळणाऱ्या संथ पाण्यात, शिरताना होडी सपकन फिरली. नाळ भोवऱ्याच्या संथ पाण्यात अडकते, स्केगवाली शेपूट अजून धारेत असते, धार तिला खाली ओढते. स्केग नव्हता तेव्हा होडी अशा जागी नुसती बाजूला घसरायची. डोहात जो स्केग मित्र, तोच धारेच्या कडेला अडचण करतो. आणि आपल्याला जायचं असतं नेमकं तिथेच. वेगवान आणि संथ पाण्याच्या शिवेवर मासा धारेच्या वरच्या अंगाला तोंड करून उभा असतो, ताकद वाचवतो आणि धारेतून येणारं खाणं टिपतो.

हे लिहायला बसलो तेव्हा उचलता येणारा स्केग करायचं ठरलेलं होतं. तळात फट, वर पेटी, आत खिळीवर फिरणारं पातं. रेखाटनही तयार आहे. पण लिहिता लिहिता गणित मांडलं आणि बेत बदलला.

पाण्याला टेकलेला तळ साधारण २.४ मीटर लांब आणि ०.७५ रुंद. म्हणजे दर अठरा किलोमागे होडी एक सेंटिमीटर खाली जाते. त्याच मापांवरून ७० किलोचा माणूस ३० सेंटिमीटर पुढे सरकला तर मागचं टोक सुमारे तीन सेंटिमीटर उचललं जातं आणि नाळ तेवढीच खाली जाते. बाराचा स्केग तेव्हा नऊच्या आसपास काम करेल. शिवाय पुढे पाण्याची पकड वाढेल, म्हणजे शेपटीचा जोर आणखी कमी. नुसतं पुढे सरकून आठच्या स्केगची होडी मिळते, मागे सरकून पुन्हा बाराची! मग कोरड्या तळात फट कशाला पाडायची?

म्हणून आता आडवी सीट काढून मध्ये लांबीच्या दिशेने पेटीसारखी बैठक करणार, पेटीच्या आत फोम, म्हणजे होडी भरली तरी तरंगेल. रोलॉकची दुसरी जोडी ३० सेंटिमीटर पुढे. बैठकीच्या मागच्या कडेपासून रोलॉक तीसेक सेंटिमीटरवर असायचा नियम इथे लागू होणार नाही, कारण कड सरकती आहे. बैठकीवर खुणा करून घेईन.

नांगराच्या बाबतीत स्केगने अनपेक्षित फायदा दिला. नाळेवरून नांगर टाकला की होडी पूर्वी इकडून तिकडे झोके घ्यायची, आता शेपूट धारेत स्थिर राहते. शिवेच्या संथ बाजूला नांगर, वरच्या अंगाला तिरका फेक, गांडुळाला धारेबरोबर वाहू द्यायचं, आणि पहिला दांडगा मासा तसाच मिळाला. रॉड वाकला तरी होडी हलली नाही. नव्यांसाठी एवढं आवर्जून: वाहत्या पाण्यात नांगराचा दोर होडीच्या बाजूला कधीच बांधू नका, वरच्या अंगाची कड दबून होडी क्षणात भरते. दोर खोलीच्या पाच ते सात पट सोडा, एका झटक्यात सुटेल अशी गाठ मारा, दोराच्या टोकाला तरंगणारा गोळा बांधा आणि लाइफ जॅकेट अंगात घाला, सीटखाली नको.

लांबीच्या दिशेची बैठक कुणी केली असेल तर दोन गोष्टी सांगा: पाय टेकवायची पट्टी दोन्ही रोलॉकसाठी सरकती ठेवली की दोन वेगळ्या बसवल्या, आणि पेटीची रुंदी किती घेतली? मी २५ सेंटिमीटर धरली आहे. प्लाय कापायच्या आधी उत्तर मिळालं तर बरं होईल.