टोपीचा रंग

घरच्या भांडणात माणूस जपून बोलतो, कारण रात्री जेवायला त्याच ताटावर बसायचं असतं. दुसऱ्याच्या युद्धावर बोलताना ही अडचण नसते. २००३ च्या जूनमध्ये साताऱ्यातल्या आमच्या चहाच्या टपरीवर इराकवरून जी जुंपायची, तशी साखर कारखान्याच्या निवडणुकीतही जुंपत नसे.

मार्चमध्ये अमेरिकेनं हल्ला केला तेव्हा आम्ही सगळे एकाच बाजूला होतो. खरं सांगायचं तर त्याच आठवड्यात, २३ तारखेला, विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात ऑस्ट्रेलियानं आपल्याला धुतलं होतं. बगदादसाठी हळहळायला फारसं कुणी मोकळं नव्हतं. फूट पडली ती अमेरिकेनं भारताकडे सैन्य मागितल्यावर. मागणीही केवढी! एक अख्खी डिव्हिजन, सुमारे १७ हजार जवान. जायचं उत्तर इराकमध्ये.

आमच्यातला विमा एजंट म्हणाला, जायलाच पाहिजे. पुनर्बांधणीची कंत्राटं मिळतील, तेल मिळेल, अमेरिका खूश होईल आणि मग सुरक्षा परिषदेत कायमची खुर्ची. पॉलिसी विकतानाही तो वीस वर्षांनी मिळणारी रक्कम आधी सांगतो आणि हप्त्याचं शेवटी, उठता उठता.

मास्तर भडकला. तो इतिहास शिकवतो, त्यामुळे त्याच्याशी भांडताना शंभर वर्षं मागं जावंच लागतं. "आपण एकदा जाऊन आलोय तिथं," तो म्हणाला. डिसेंबर १९१५ मध्ये इराकमधल्याच कुत अल अमारा इथं तुर्कांनी जिला वेढलं ती इंग्रजांच्या हिंदी फौजेतली सहावी डिव्हिजन, पूना डिव्हिजन. मराठा पलटणी होत्या तिच्यात. जवळजवळ पाच महिने उपासमार, आणि २९ एप्रिल १९१६ ला तिचा सेनापती जनरल टाउनशेंड शरण आला. मग गाडी अपशिंग्यावर. त्या एका गावाचे ४६ जवान पहिल्या महायुद्धात गेले, तिथं स्मारक आहे, जाऊन बघ म्हणाला.

"तेव्हा आपण गुलाम होतो. आता ते विनंती करतायत," एजंट.

"मग लेका, विनंतीला नाही म्हणता येतं की!"

मी मास्तरच्या बाजूचा. पण तो असा जिंकायला लागला की मला एजंटची दया येते, हेही खरंच.

सुभेदार आमच्याहून वयानं मोठे. निवृत्त होऊन बरीच वर्षं झालेली, आणि आमच्या वादात सहसा पडत नसत. त्या दिवशी मास्तरनंच त्यांना ओढलं: "सुभेदार, तुम्हीच सांगा ह्याला." आपल्या बाजूचा साक्षीदार मिळाला, अशी त्याची खात्री होती.

"टोपी कुठली?" सुभेदारांनी विचारलं. "यूएनच्या शांतिसेनेची निळी असेल तर पोरं नंबर लावतील. भत्ता चांगला असतो. सोमालियाला जाऊन आलेल्यांनी घरावर स्लॅब टाकले. अमेरिकेच्या हाताखाली जायचं असेल तर रेशन कुणाचं, जखमी कुठं न्यायचा, गोळी कुणाच्या हुकमानं झाडायची, हे आधी लेखी घ्या." मग मास्तरकडे वळून, "तुमच्या त्या वेढ्यात घोड्याचं मटण पुढं आलं होतं ना? आपली माणसं किती दिवस शिवली नाहीत त्याला. म्हणून रेशनचं आधी विचारायचं."

दोघांचीही पंचाईत झाली.

१४ जुलैला दिल्लीत वाजपेयींच्या सरकारनं ठरवलं: संयुक्त राष्ट्रांचा स्पष्ट आदेश असता तर विचार केला असता, तो नाही, म्हणून सैन्य नाही. मास्तरनं त्या दिवशी सगळ्यांच्या चहाचे पैसे दिले. एजंट म्हणाला, "मी तरी वेगळं काय म्हणत होतो?" आणि चहा प्याला. वर खारी मागवली.

मग १९ ऑगस्टला बगदादमधल्या संयुक्त राष्ट्रांच्या कचेरीवरच बॉम्बचा ट्रक येऊन फुटला. त्यांचे तिथले प्रमुख सर्जिओ व्हिएरा दि मेलो गेले, आणखीही बरेच गेले. दुसऱ्या दिवशी मास्तर पेपर घेऊन आला, पण त्याला 'बघ, मी म्हटलं होतं' म्हणता येईना, कारण हे त्यानंही म्हटलं नव्हतं. एजंटनंच विचारलं, "सुभेदार, आता निळ्या टोपीचं काय?"

सुभेदारांनी बशीतला चहा संपवला. "भत्ता वाढवून मागायचा," म्हणाले.