तुम्ही विचारलंत म्हणून: सेंटरच्या सभासदत्वाला मंडळीचा दाखला का लागत नाही

उपासना सुटल्यावर फाटकापाशी, लग्नाच्या पंगतीत, एकदा तर कबरस्तानात माती देऊन परत फिरताना सेंटरची सेक्रेटरी म्हणून मला हा प्रश्न ऐकावा लागलाय: "बाई, दाखल्याची अट तुम्ही का काढलीत?" म्हणजे सेंटरचा सभासद व्हायला मंडळीचा, चर्चचा सभासद असल्याचा पाळकांचा (पाद्रींचा) कागद लागायचा, ती अट. सूर असा, की जणू मी रात्री घराचं दार सताड उघडं टाकून झोपले. दुसऱ्या बाजूचेही आहेत. बहुतेक पुण्या-मुंबईला स्थायिक झालेली आमचीच मुलं. ती विचारतात, "अट काढलीत, मग पाळक पदसिद्ध अध्यक्ष कशाला ठेवलेत?" दोघांनाही मी आजवर एकच सांगत आले, सेंटरची घटना वाचा. कुणी वाचत नाही. म्हणून एकदाचं लिहून टाकते.

मिशन कंपाउंड कसं झालं, हॉलचा पाया कोणत्या पाळकांच्या काळात पडला, कुणाच्या सुगीच्या दानातून पत्रे चढले, हे तुम्हाला माझ्याइतकंच पाठ आहे. ते सोडते. पण एक गोष्ट माहीत असून तुम्ही विसरता: सेंटर म्हणजे मंडळी नाही. मंडळीचा कारभार पास्टोरेट कमिटीकडे, म्हणजे चर्चच्या स्थानिक समितीकडे, आणि वर डायोसिसकडे, म्हणजे बिशपच्या प्रांताकडे. सेंटर ही 1860 च्या कायद्याखाली नोंदलेली सोसायटी आणि 1950 च्या कायद्याखाली नोंदलेला सार्वजनिक न्यास. बालवाडी, शिवणवर्ग, अभ्यासिका आणि भाड्यानं जाणारा हॉल एवढाच तिचा पसारा. खालची जमीन सेंटरच्या नावावर नाहीच. तेव्हा "उद्या बाहेरचे बहुमत करून जागा विकतील" म्हणणाऱ्यांनी आधी उतारा बघावा. न्यासाची स्थावर मिळकत विकायची तर 1950 च्या कायद्याच्या कलम 36 खाली धर्मादाय आयुक्तांची परवानगी लागते. इमारत तीन वर्षांपेक्षा जास्त मुदतीनं भाड्यानं द्यायची म्हटली तरी लागते.

हे मी इतक्या जोरात सांगते तेव्हा ऐकणारा गप्प होतो. पण खरं सांगू? ही भीती अगदीच खुळी नाही. शहराच्या मधोमध असलेली मिशन कंपाउंडं आणि त्यांच्यावरचे दावे आपण सगळ्यांनी पाहिलेत. जिथे मोक्याची जागा आहे तिथे आज ना उद्या कुणीतरी सभासद रजिस्टर चाळायला येतोच. जुन्या घटनेतलं पाचवं कलम लिहिणाऱ्यांच्या डोक्यात हेच असणार. 'मंडळीच्या नोंदवहीत नाव असलेली, दृढीकरण झालेली, 18 वर्षे पूर्ण केलेली व्यक्ती, पाळकांच्या दाखल्यासह.' दृढीकरण म्हणजे बाप्तिस्म्यानंतर विश्वास पक्का करण्याचा विधी. मिशनरी गेले, मागे आपण उरलो, आणि आपलं ते आपल्यातच राहावं म्हणून त्यांनी एक कागद मधे घातला. मला त्यांचा राग येत नाही.

आता ती सभा. तुमच्यातले निम्मे तिथे होते, आणि तरीही विचारता.

वार्षिक सर्वसाधारण सभा, त्या वर्षी निवडणूक, दोन पॅनल. एरवी आमच्या सभा कशा होतात ते ठाऊकच आहे: गणपूर्तीअभावी तहकूब, अर्ध्या तासानं त्याच जागी पुन्हा सुरू, आणि तहकूब सभेला गणपूर्तीची गरज नाही. त्या दिवशी मात्र बाकं कमी पडली. वर्गणीवरून आधीच कुरबूर सुरू होती, कारण 1860 च्या कायद्याचं कलम 15 म्हणतं की तीन महिन्यांहून जास्त वर्गणी थकली तर मत नाही. त्या आठवड्यात पावतीपुस्तकं भराभर संपली.

आमचे एक ज्येष्ठ सभासद आहेत. माझे लांबचे मामा लागतात, म्हणून मामाच म्हणते. ते उठले आणि म्हणाले, "सेक्रेटरीबाई, यादी वाचा. एकेक नाव." मी वाचायला लागले. एका नावाशी आल्यावर म्हणाले, "थांबा. हे पुन्हा वाचा."

पुन्हा वाचलं. अभ्यासिका चालवणाऱ्या मुलाचं नाव होतं. पहाटे येऊन कुलूप उघडायचा, रात्री शेवटचा दिवा मालवून जायचा, मधल्या वेळात स्वतः स्पर्धा परीक्षेचा अभ्यास. नाताळात ढोलकीही त्याचीच.

मामांनी खिशातून घडी घातलेली एक झेरॉक्स काढली. "हा प्रांत ऑफिसचा दाखला. जात हिंदू महार. आणि तुमच्या रजिस्टरात पाळकसाहेबांचा दाखला, मंडळीचा सभासद म्हणून. दोन्ही खरे कसे? एकतर हा खोटा, नाहीतर तो. कोणता, ते सभेनं विचारावं."

कुणी काही विचारलं नाही. पाळकसाहेब अध्यक्षस्थानी होते, ते समोरच्या अजेंड्याकडे बघत राहिले. पंखे चालू होते तरी शेवटच्या बाकापर्यंत ऐकू गेलं होतं. झेरॉक्स हातोहात मागे सरकायला लागली. कागद एका बाकावरून दुसऱ्या बाकावर जाताना लोक आधी तो वाचत आणि मग वळून मुलाकडे बघत. त्याची आई बायकांच्या बाजूला होती. ती उभी राहिली. "मामा, नाताळच्या नाटकात याला तुम्हीच मेंढपाळ केला होता. तेव्हा नाही दाखला मागितलात."

मामा म्हणाले, "वहिनी, तो वेगळा विषय आहे."

मुलगा म्हणाला, "आई, बस." मग माझ्या टेबलाशी आला. "बाई, पेन द्या." अजेंड्याच्या पाठकोऱ्या बाजूवर त्यानं दोन ओळींत राजीनामा लिहिला, तारीख घातली, सही केली. तारीख चुकली होती, ती खोडून नीट घातली आणि खोडलेल्या जागी पुन्हा छोटी सही केली, सरकारी अर्जात करतात तशी. अभ्यासिकेच्या किल्ल्या काढून कागदावर ठेवल्या. म्हणाला, "सोमवारी पोरं येतील सहा वाजता. कुणाला तरी सांगा." आणि गेला. आई त्याच्या मागोमाग.

सभा पुढे चालू राहिली. हे मला अजून पचत नाही. सूचक, अनुमोदक, मतदान, सगळं झालं.

इतिवृत्त लिहिणं माझ्याकडे. मामा म्हणाले, "माझा आक्षेप शब्दशः नोंदवा." मला तिथल्या तिथे कळलं की काय मागताहेत. निवडणुकीनंतर 1950 च्या कायद्याच्या कलम 22 खाली 90 दिवसांत धर्मादाय कार्यालयात फेरफार अर्ज जातो, त्याला इतिवृत्ताची प्रत जोडावी लागते. म्हणजे त्या मुलाचं नाव, त्याचा धर्म आणि त्याची जात एका सरकारी फायलीत एकाच पानावर आली असती. त्याचा जातीचा दाखला रद्द करायला जात पडताळणी समितीला पुरावा शोधायलाही जावं लागलं नसतं. मी म्हटलं, "मामा, आक्षेप लेखी द्या, मी जोडते." त्यांनी दिला नाही. सहीनिशी द्यायला नको होता, तोंडी चालत होता. मी लिहिलं: 'एका सभासदाने वैयक्तिक कारणास्तव राजीनामा दिला. सभेने तो स्वीकारला.' एवढंच.

तुम्ही म्हणता मी सत्य लपवलं. इतिवृत्तात सभेचे ठराव लिहायचे असतात, आणि ठराव तेवढाच झाला होता. पुन्हा प्रसंग आला तर पुन्हा हेच लिहीन.

आता मामांची बाजू, कारण ती कुणीतरी मांडायला हवी आणि ते स्वतः ती फार वाईट मांडतात. कायद्यानं ते बरोबर आहेत. 1950 च्या राष्ट्रपतींच्या आदेशाप्रमाणे अनुसूचित जातीचा लाभ हिंदूंना. 1956 मध्ये त्यात शीख आले, 1990 मध्ये बौद्ध. ख्रिस्ती आले नाहीत. मामांनी स्वतःच्या मुलांच्या दाखल्यांवर ख्रिस्ती लिहिलं. महाराष्ट्रात अनुसूचित जातीतून ख्रिस्ती झालेल्यांना ओबीसीत जागा आहे, तेवढ्यावर भागवलं, आणि एका मुलाची नोकरी थोडक्यात हुकलेली त्यांनी पाहिली. "आम्ही किंमत मोजली, यांनी का मोजू नये?" हा त्यांचा प्रश्न आहे. त्याला माझ्याकडे उत्तर नाही.

पण माझ्याकडेही एक प्रश्न आहे. माझ्या आजोबांचे सख्खे भाऊ 1956 नंतर बौद्ध झाले. आमचं घर ख्रिस्ती राहिलं. आमचा वाडा एक, विहिरीवरून खाल्लेल्या शिव्या एक. त्यांच्या नातवंडांना सवलत आहे, शिष्यवृत्ती आहे, कुणी अंगावर आलं तर अॅट्रॉसिटीचा कायदा आहे. आमच्या नातवंडांना जात चिकटलेली आहेच, फक्त कागदावर ती नाही. आता या आदेशाशी भांडायला मी दिल्लीला जाणार नव्हते. माझ्या हातात काय होतं? सेंटरचं पाचवं कलम. ते मी धरलं.

तरुण संघात असताना मी काय बोलायचे ते ज्यांना आठवतं ते मला टोमणे मारतात, आणि मारू देत. मी म्हणायचे, माणसांसमोर प्रभूला पत्करायचं नसेल तर रविवारी येऊन बाकं अडवू नका. मोठ्या आवाजात म्हणायचे. माझ्यातल्या त्या मुलीला मी आज गप्प करू शकत नाही. ती म्हणते, बायबलातला निकदेम येशूकडे रात्री लपून आला ते ठीक, पण शेवटी त्याला पुरताना गंधरस घेऊन उघडपणे आलाच ना? मी तिला एवढंच म्हणते की त्याला कुणी यादी वाचून उभं केलं नव्हतं. ती म्हणते, ही पळवाट आहे. असेल.

पुढचं तुम्हाला ऐकायचं नसतं, पण थोडक्यात. उद्देशात 'ख्रिस्ती समाजाच्या उन्नतीसाठी' होतं, ते 'परिसरातील सर्व रहिवाशांच्या' असं करायचं तर 1860 च्या कायद्याच्या कलम 12 खाली दोन विशेष सभा लागतात, मधे एक महिन्याचं अंतर, आणि दोन्हींत तीन पंचमांश मतं. त्या मधल्या महिन्यात माझ्याबद्दल काय काय उठवलं गेलं ते मी लिहीत नाही. दोन्ही सभांत ठराव झाला, दुसऱ्यांदा अगदी काठावर. पाचव्या कलमात आता आहे: 'उद्दिष्टे मान्य असलेली, परिसरात राहणारी, 18 वर्षे पूर्ण केलेली व्यक्ती.' अर्जात धर्माचा रकाना नाही. मतदानाचा हक्क दोन वर्षांनी. रातोरात शंभर अर्ज भरून कुणी सेंटर ताब्यात घेऊ नये, म्हणून ते दोन वर्षं.

आणि पुण्या-मुंबईच्या पोरांनो, पाळक पदसिद्ध अध्यक्ष ठेवले कारण त्यांच्याशिवाय तीन पंचमांश झाले नसते. तत्त्व वगैरे काही नाही, सौदा होता. निर्णायक मताचा अधिकार मात्र त्यांच्याकडून काढून घेतला. त्या सभेत अजेंड्याकडे बघत बसलेला माणूस मला समसमान मतांच्या वेळी नको होता. पाळकसाहेबांना हे मी तोंडावर सांगितलंय. ते म्हणाले, "बाई, मी काय करायला हवं होतं?" मी म्हटलं, सभा तहकूब करायची. त्यावर ते काही बोलले नाहीत. आणि इथे मला त्यांची दयाही येते, कारण दाखल्यावर सही त्यांची होती. मामा चिडून एक पाऊल पुढे गेले असते तर पहिलं विचारणं त्यांनाच झालं असतं.

काहीजण आवाज खाली आणून विचारतात, "बाई, तुमच्या घरात आहे का असा दाखला?" नका विचारू. नाही म्हटलं तर ज्यांच्या घरी आहे ते उघडे पडतात, आणि हो म्हटलं तर तुम्हाला झेरॉक्स हवी असते.

त्या मुलाला मी नव्या कलमाची प्रत घेऊन भेटले. तो आता दुसऱ्या जिल्ह्यात नोकरीला आहे. त्यानं वाचलं, चहा पाजला, अर्ज भरला नाही. म्हणाला, "रकाना काढलात, पण माणसं तीच आहेत." मी वाद घातला नाही. त्याची आई अजून दर रविवारी येते, मामांच्या मागच्या बाकावर बसते. दोघं बोलत नाहीत.

घटनेतल्या या बदलाच्या अर्जावर धर्मादाय कार्यालयात हरकत पडलीय, हरकतदार कोण ते सांगायला नको. तारखा पडताहेत. दरम्यान नवे सभासद झालेत, त्यात बौद्ध आहेत, मुसलमान आहेत, शिवणवर्गाच्या मराठा बाई आहेत, आणि यादी न वाचल्यामुळे निवांत झालेले आपलेही काही आहेत. त्यातल्या पहिल्यांची दोन वर्षं येत्या सभेआधी पूर्ण होतात. म्हणजे मत द्यायचं की नाही हा प्रश्न आता खराच उभा राहणार. नोटीस मला काढायचीय. जुन्या कलमाच्या यादीप्रमाणे काढू की नव्या, असं वकिलांना विचारलं. ते म्हणाले, सध्या दोन्ही याद्यांतल्या सगळ्यांना काढा. तशी काढणार आहे. मत कुणाचं धरायचं ते सभेत ठरवावं लागेल, तेव्हा त्या दिवशी तरी वेळेवर या, आणि वर्गणीची पावती बरोबर आणा.