आमची वाटचाल : दोन सुतांची फट

दारं-खिडक्या करता करता आम्ही लाकडी जिने करायला लागलो, आणि आमचं खरं शिक्षण झालं ते एका तक्रारीमुळे. जिना बसवून वर्षही झालं नव्हतं. घरातल्या आजींनी मला पायरीवर बसवलं आणि मागच्या कडेवरून बोट फिरवायला सांगितलं. आम्ही फटीत भरलेला भुसा आणि गोंद कडक होऊन सुटला होता. त्याचे टोकदार तुकडे अनवाणी पायाला लागत होते. आम्ही पुन्हा भरून दिलं. हवा कोरडी पडली तसं तेही सुटलं.

मग मी पायरीन् पायरी मोजत बसलो. भिंतीलगतची, पायरीच्या टोकाची फट होती तेवढीच होती. वाढली होती ती पायरी आणि तिच्या मागची उभी फळी यांच्यातली. लाकूड दमट हवेत फुगतं, कोरड्या हवेत आक्रसतं, पण लाकडातल्या रेषांच्या आडवं. लांबीत जवळजवळ नाहीच. पायरीच्या रेषा या भिंतीकडून त्या भिंतीकडे जातात. म्हणजे टोकाची फट आमच्या मापाची, मागची फट हवेची. आम्ही दोन्हींवर एकच इलाज करत होतो.

टोकासाठी साचा केला. मधे पट्टी, दोन्ही टोकांना सरकणारे तुकडे. पायरीच्या जागी ठेवायचा, तुकडे भिंतीला भिडवून आवळायचे, तसाच उचलून फळीवर आखायचं. भिंत गुण्यात, म्हणजे बरोबर काटकोनात असेल हे धरून चालणं आम्ही सोडलं. दर पायरीचं वेगळं माप घ्यायचं म्हणजे वेळ जातो आणि घाईतली काही कामं त्यामुळे हातची गेली. मला ते मान्य आहे.

मागच्या फटीत आता कडक काही घालत नाही. पॉलिशच्या जिन्याला बारीक गोल पट्टी लावतो आणि चुका, म्हणजे बारीक खिळे, फक्त उभ्या फळीत मारतो, म्हणजे पायरी पट्टीखालून मोकळी सरकते. दोन्हीकडे ठोकलं तर काहीतरी चिरणारच. रंगाच्या जिन्याला लवचीक अ‍ॅक्रिलिक सीलंट, म्हणजे फट बुजवायचं मऊ भरण. साध्या सिलिकॉनवर रंग धरत नाही. फट दोन सुतांपेक्षा, म्हणजे पाव इंचापेक्षा मोठी असली तर आधी आत फोमची दोरी दाबतो. मग सीलंट दोन बाजूंनाच चिकटतं, तळाला नाही, आणि त्याला ताणायला जागा राहते. लाकूडही आता काम सुरू करण्याआधी त्याच घरात काही दिवस ठेवतो, तिथली हवा त्याला लागू देतो.

आजींच्या जिन्यातलं जुनं भरण पटाशीने काढायला आम्हा दोघा भावांना अख्खा दिवस लागला. लाकडाला ओरखडा न पडता ते निघायला हवं होतं. पट्ट्या बसवल्यावर आजी काठी बाजूला ठेवून एकेक पायरी हाताने चाचपत वर गेल्या. त्या दिवसाचे पैसे आम्ही घेतले नाहीत.