टाइटा कस्तूर एकदाचा दिसला

नैरोबीत नोकरीला येऊन चार वर्षं झाली. पाहुणे आले की त्यांना घेऊन मसाई मारा ठरलेलं. टाइटा टेकड्यांकडे मात्र कोणी फिरकत नाही. मला तिथेच जायचं होतं, टाइटा कस्तुरासाठी. केनियाच्या आग्नेयेला असलेल्या या टेकड्या सोडल्या तर हा पक्षी जगात कुठेच नाही, आणि इथेही उरलाय तो जंगलाच्या मोजक्या तुकड्यांत. तुकडा म्हणजे केवढा? न्गानगाओचं जंगल जेमतेम १२० हेक्टर, म्हणजे तीनशे एकर. भोवती मका, भाजीचे वाफे आणि निलगिरी.

रेल्वेने वोई, तिथून मटाटूने (आपलं वडापच ते, गाणी जास्त मोठ्याने) वुंदान्यी. खाली घाम, वर ऑगस्टात स्वेटर.

पहिल्या सकाळी सवयीने चालत सुटलो. हाती काही नाही. वैतागून मोबाइलवर त्याची शीळ लावायला गेलो, तर वाटाड्याने फोनवर हातच ठेवला. "आधीच थोडे उरलेत, त्यांना नसलेल्या प्रतिस्पर्ध्याशी कशाला उगाच भांडायला लावता?" एवढा ओशाळलो की दिवसभर फोन बाहेर काढला नाही.

दुसरी सकाळ धुक्याने खाल्ली. उरलेली सियाफूंनी. सियाफू म्हणजे रांगेने चालणाऱ्या लष्करी मुंग्या. मी त्यांच्या वाटेवरच उभा होतो. पँट काढून झटकावी लागली, वाटाडे पाठ करून सभ्यपणे हसत होते.

तिसऱ्या दिवशी ते म्हणाले, "आज चालायचं नाही. बसायचं." आधी जमीन नीट बघून घेतली, मग एका ओंडक्याला टेकलो. पाऊण तास झाला. गुडघा आखडला, नाकावर थेंब पडत होते, पुसायची सोय नाही. मग डावीकडे खर्र. शांत. पुन्हा खर्र. पाचोळा उलटत होता.

तो सात-आठ पावलांवर होता. काळं डोकं, चोच गाजरासारखी, डोळ्याभोवती तसलंच नारिंगी कडं. चोचीने पान उचलायचा, बाजूला भिरकवायचा, मान तिरकी करून खाली बघायचा. वळला तेव्हा पांढरं पोट आणि कुशीचा तांबूस रंग दिसला. गांडूळ ओढताना त्याने मागे रेटलेले पाय अजून डोळ्यांसमोर आहेत. दोन मिनिटं असेल. कॅमेरा उचलला आणि गेलाच. फोटोत एक हललेली फांदी आहे, वाटाड्यांच्या मते उत्तम आलीय.

रात्री चिपळूणला आईला फोन केला.

"कसा होता रे?"

"आपल्या विहिरीपाशी पावसाळ्यात नारिंगी डोक्याचा येतो ना, पालापाचोळा उडवत? त्याच्याच भावकीतला."

"मग त्यासाठी एवढं लांब? तो सकाळीच येऊन गेला."