तुम्ही विचारलंत म्हणून: नवं इंजिन सांध्यावरच का अडतं?

"इंजिन नवं, कंट्रोलर चांगला, तरी गाडी धक्के खात चालते आणि सांध्यावर तर थांबतेच. मोटर गेली असेल का?" मॉडेल रेल्वे नव्याने मांडणाऱ्यांचा हा ठरलेला प्रश्न. (सांधा म्हणजे गाडी एका मार्गावरून दुसऱ्यावर वळते ती जागा.) मोटर बहुतेक वेळा ठणठणीत असते. इंजिन उघडू नका, आधी रूळ बघा.

एचओ म्हणजे 1:87 मापाची साधी डीसी गाडी 16.5 मिमी अंतरावरच्या दोन रुळांतून 12 व्होल्टपर्यंत वीज घेते. चाक रुळाला टेकतं ती जागा टाचणीच्या टोकाएवढी. तिथे मळ बसला की बारीक ठिणगी पडते, आणि त्या ठिणगीनेच काळा थर आणखी वाढतो. दिवा घालवून गाडी चालवा, चाकांखाली निळसर चमक दिसली तर दोष सापडला. आपल्या घरात फोडणीचा धूर आणि उदबत्तीची काजळी रुळांवर चिकट थर धरते, त्यामुळे लेआउट स्वयंपाकघर आणि देवघरापासून लांब असलेला बरा.

रूळ पुसायला सुती फडकं आणि आयसोप्रोपिल अल्कोहोल पुरतं. वीज बंद, खिडकी उघडी. सॅंडपेपर अजिबात नको! त्याचे ओरखडे डोळ्यांना दिसत नाहीत, पण पुढचा मळ नेमका त्यांतच भरतो. चांगले रूळ जर्मन सिल्व्हरचे असतात, ते काळवंडले तरी पितळेइतके त्रास देत नाहीत. जुन्या खेळण्यातले लोखंडी रूळ मात्र पावसाळ्यात गंजतात, ते बदलूनच टाका.

रूळ लख्ख असून चाकं मळकी असतील तर दोन फेऱ्यांत सगळं पहिल्यासारखं. टिश्यू पेपरची पट्टी अल्कोहोलने जेमतेम ओलसर करून रुळांवर आडवी ठेवा. इंजिनाची एक बोगी, म्हणजे एका टोकाचा चाकांचा संच, पट्टीवर, दुसरी मोकळ्या रुळावर. इंजिन हाताने धरून हलका वेग द्या. कागदावर दोन काळ्या रेघा उमटतील. कागद सरकवत राहा, रेघा उमटेनाशा झाल्या की बोगी बदला. वीज चालू असते आणि अल्कोहोल पेट घेतं, म्हणून कागदातून थेंब गळता कामा नये. डब्यांची प्लॅस्टिकची चाकं काढून धातूची बसवलीत तर मळ कमी पसरतो.

आता वायरिंग. कंट्रोलरच्या दोनच वायरी एका जागी जोडून पूर्ण चक्कर चालवायची, ही सर्रास होणारी चूक. पुढची वीज फिशप्लेटांच्या, म्हणजे रुळांचे तुकडे जोडणाऱ्या धातूच्या पट्ट्यांच्या, भरवशावर जाते आणि त्या सैल होतात. गाडी लांबच्या टोकाला मंदावत असेल तर चालत्या गाडीसमोर मल्टिमीटर लावा; कंट्रोलरपाशी 12 आणि तिथे 10 दिसले तर कारण कळलं. फळीखालून दीड स्क्वेअर एमएमची वायर फिरवा आणि दर मीटरला अर्ध्या स्क्वेअर एमएमच्या वायरीने दोन्ही रुळांना जोड द्या. डाग देताना रुळाच्या बाहेरच्या बाजूला द्या, दोन्हीकडे ओला कापूस ठेवा, नाहीतर प्लॅस्टिकचे स्लीपर वितळतात. पण सगळ्या फिशप्लेटा डागून बंद करू नका. आपल्या दमट हवेत प्लायवूड फुगतं, आकसतं. मधूनमधून अर्धा मिलिमीटर फट हवीच.

सांध्याची गोष्ट वेगळी. रूळ एकमेकांना छेदतात तो फ्रॉग अनेक सांध्यांमध्ये प्लॅस्टिकचा, म्हणजे निर्वीज असतो. लांब इंजिनाची इतर चाकं तोवर वीज घेत राहतात. चारचाकी शंटिंग इंजिन नेमकं तिथे अडतं, आणि त्यातल्या एखाद्या चाकावर पकडीसाठी रबर असेल तर ते चाक वीज घेतच नाही. यावर खरा उपाय धातूच्या फ्रॉगचा सांधा. त्याची वीज सांधा फिरताच बदलली पाहिजे, म्हणून पॉइंट मोटरवरचा (सांधा फिरवणाऱ्या मोटरवरचा) चेंजओव्हर स्विच लावा आणि फ्रॉगमधून निघणाऱ्या दोन्ही रुळांना पुढे प्लॅस्टिकच्या जोडपट्ट्या घाला. त्या विसरलात तर शॉर्ट ठरलेला.

इंजिन थांबत नाही, पण फ्रॉगवर उडी मारतं? मग कॅलिपर घ्या आणि चाकांच्या आतल्या बाजूंमधलं अंतर मोजा. ते साधारण 14.4 मिमी असावं.

सगळं झालं की इंजिनाला एक मीटर अंतर एका मिनिटात कापायला लावा. खऱ्या गाडीच्या हिशोबाने हा ताशी 5 किमी वेग झाला. या चालीने सांधा न अडखळता ओलांडला, की मगच खडी चिकटवायला घ्या.