आमची वाटचाल: एका स्क्रूने लावलेली वाट

आमचं वर्कशॉप छोट्या ट्रॅक्टरचं, म्हणजे तीन सिलेंडरवाल्या २० ते ३० एचपीच्या गाड्यांचं. मी आणि माझा मामेभाऊ, एक नोझल टेस्टर (नोझल म्हणजे इंजिनात डिझेल फवारणारी तोटी), डिझेल पंप तपासायचा एक जुना बेंच आणि उधारीचे पाने एवढ्यावर सुरू केलं. भाऊ डिझेल पंपाचा माणूस, मी गिअरबॉक्सचा. नोझलचा फवारा नुसता बघून तो सांगायचा, आतली सुई गेलीये. तो टेस्टर अजून आहे, हँडल त्याच्या हाताने गुळगुळीत झालंय. पुढची काही वर्षं बरी गेली.

मग शेजारी दुसरं वर्कशॉप आलं. नाव घेत नाही. बाहेर बोर्डच लावला, 'एचपी वाढवून मिळेल'. करायचे काय, तर पंपाचं सील तोडायचं, डिझेलचा स्क्रू फिरवायचा, झालं. गाडी पहिल्या दिवशी पळते हो, खोटं कशाला बोलू. पण इंजिनात हवा तेवढीच जाते ना, नुसतं डिझेल वाढवलं तर एका हद्दीनंतर त्याचा धूरच होतो आणि वाढलेली उष्णता पिस्टनच्या डोक्यावर बसते. गिऱ्हाइकाला काळा धूर म्हणजे ताकद वाटते, त्याला काय करणार. बघता बघता आमची निम्मी गिऱ्हाइकं तिकडे.

शेवटी आम्हीही एका गाडीचा स्क्रू फिरवला. भाऊ नको म्हणत होता, मी ऐकलं नाही, हे लिहायलाच पाहिजे. ऐन सीझनला रोटाव्हेटर चालू असताना गाडी बंद. हेड खोललं तर मधल्या पिस्टनची कड मेणासारखी वितळून लायनरला, म्हणजे सिलेंडरच्या आतल्या नळीला, चिकटलेली. इंजिन पदरचे पैसे घालून बांधून दिलं. भाऊ त्याच महिन्यात वेगळा झाला, अजून धड बोलत नाही. हेल्पर गेले, बेंच विकायला काढला.

तेव्हा एकच गिऱ्हाईक टिकलं, एक काका. तेही आले ते म्हणतच, "अरे, नांगराला ओढत नाही बघ, पाच एचपी वाढवून दे." मी त्यांच्या शेतात गेलो, मागच्या टायरवर खडूने रेघ मारली. नांगर वर उचलून चाकाचे १० फेरे मोजले, गाडी ६० पावलं गेली. नांगर लावून १० फेऱ्यांत ४२. म्हणजे ३० टक्के घसरण, १०-१५ ठीक असते. आणि इंजिनचा आवाज बसतसुद्धा नव्हता. म्हणालो, "काका, इंजिन दमत नाहीये, चाक जागेवर फिरतंय. अजून एचपी दिला तर अजून जोरात फिरेल, बाकी काही नाही." मागच्या टायरमध्ये पाऊण भाग पाणी भरलं, चाकाला वजनं लावली, परत मोजलं, ५२ पावलं. स्क्रूला हात लावला नाही. काकांनी मग आणखी चार गाड्या पाठवल्या, त्यावर बेंच वाचला.

आता एचपीचा उपयोगच नाही असं नाही. पीटीओच्या (मागच्या अवजाराला इंजिनची ताकद देणाऱ्या फिरत्या शाफ्टच्या) कामात, रोटाव्हेटरला ५४० आरपीएम टिकत नसेल किंवा भरली ट्रॉली घेऊन चढावर गिअर सारखा उतरवावा लागत असेल तर जास्त एचपी खरंच कामाला येतो. पण मागचं अवजार उचलणारी लिफ्ट जास्त उचलेल म्हणून एचपी वाढवू नका, लिफ्टचा जोर हायड्रॉलिक प्रेशर आणि सिलेंडरच्या साइझवर आहे. मोठं मॉडेल घेताना त्याच बॉडीत नुसतं पंपाचं सेटिंग वेगळं आहे का रेडिएटर, क्लच पण मोठा दिलाय, हे विचारूनच घ्या, सेल्समन आपणहून सांगत नाही.

शेजारचा बोर्ड अजून आहे. तिथून आलेल्या गाड्या पण आम्ही खोलतो, आधी बोलून घेतो मग पाना लावतो. वितळलेला पिस्टन टेबलावर ठेवलाय, कोणी एचपीचं विचारलं की त्याच्या हातात देतो. आणि गाडी आणायच्या आधी एअर फिल्टर तेवढा काढून बघा, बऱ्याच जणांची 'ताकद' तिथेच अडकलेली असते.