तंबोरा जुळेपर्यंतची वीस मिनिटं

सोमवार, पहाटे साडेपाच. मिरज.

रात्रभर पावसाची झड. अशा सकाळी तंबोऱ्याची गवसणी (कापडी खोळ) काढण्याआधीच ठाऊक असतं, की काल लावलेला सूर आज जागेवर नसणार.

रियाजाची सवय टिकत नाही, असं म्हणणारे बहुतेकजण सुरुवात गळ्यापासून करतात. उठल्या उठल्या ‘सा’ लावायचा तर मन हजर हवं, गळाही मोकळा हवा, आणि दोन्ही एकदम हजर असण्याचे दिवस थोडेच. तंबोऱ्याचं तसं नाही. चार तारा सुरात आणायच्या, एवढंच काम समोर असतं. हात आणि कान कामाला लागले, की गळा मागून येतो. म्हणून जुळवणं हे रियाजाच्या आधीचं काम धरू नये. रियाज तिथूनच सुरू होतो. घड्याळही तिथूनच मोजावं.

क्रम ठरलेला असावा. आधी चारही तारांखालचे दोरे जवारीवरून, म्हणजे तारा टेकतात त्या घोडीच्या वरच्या भागावरून, मागे सारायचे. मग घोडीच्या खालच्या बाजूला तारांत ओवलेले मणी आपापल्या तारेवर मधोमध आणायचे. मणी आधीच एका टोकाला गेलेले असले, तर शेवटी बारीक सूर करायला वाव उरत नाही. पट्टी, म्हणजे आपला षड्ज ज्या उंचीवर धरायचा ती, पेटीवर एकदा ऐकायची (बायकांच्या गळ्याला साधारण काळी चार-पाच, पुरुषांच्या गळ्याला काळी एक-दोन) आणि पेटी मिटून ठेवायची. मधल्या दोन तारा म्हणजे जोड. तिच्यातली पहिली तार त्या षड्जाला लावायची. दुसरी मात्र पेटीला न विचारता पहिलीलाच जुळवायची. दोन्ही एकापाठोपाठ छेडल्या, की नादात एक लाट ऐकू येते. सूर लांब असताना ती भरभर हलते, जवळ येत गेले की मंदावते आणि नेमके मिळाले की विरून जाते. कान तयार होतो तो या लाटेवर. काट्याकडे बघून तार लावणाऱ्या मोबाईलच्या ॲपने हे काम दोन मिनिटांत होईल, पण मग कानाच्या वाट्याला काहीच उरत नाही.

जोड मिळाली की खर्जाची पितळी तार, षड्जाच्या बरोबर एक सप्तक खाली. पंचमाची तार शेवटी. मालकंस रागात पंचम नाही, तिथे ती मध्यमात लावायची, मारवा-पुरियाला निषादात.

तार नेहमी खालून वर चढवत सुरावर आणावी. वरून उतरवत आणलेल्या तारेत खुंटीजवळच्या वेढ्यात थोडा ढिलेपणा राहतो, आणि छेडता छेडता ती आणखी उतरते. सूर ओलांडला गेलाच, तर तार मुद्दाम जरा जास्त उतरवून पुन्हा वर यायचं. उरलेला केसभर फरक मण्याने काढायचा: मणी खाली, घोडीपासून दूर सरकवला की सूर चढतो, घोडीकडे आणला की उतरतो.

मंगळवार

खुंट्यांबद्दल, कारण पावसाळ्यात सगळे हैराण होतात ते त्यांनीच. लाकडाची खुंटी लाकडाच्या भोकात बसलेली असते. दमट हवेत दोन्ही फुगतात आणि खुंटी जागची हलत नाही. एप्रिल-मेच्या कोरड्या उन्हाळ्यात याच्या उलट: खुंटी आकसते, सूर लावून हात काढला की सरकन् परत फिरते. घसरणाऱ्या खुंटीला खडूची पूड लावून दाबून बसवावी. अडकलेल्या खुंटीला पक्कड लावू नये, डोकं पिळवटून तुटतं. डावी-उजवी अशी थोडी थोडी हलवत सोडवावी, तार ढिली करून खुंटी बाहेर काढावी, कोरड्या फडक्याने पुसावी, आणि जिथे घासून चकाकी आलेली दिसते तिथे मेणबत्तीचं मेण अगदी पुसटसं फिरवावं. मेण जास्त झालं तर ती घसरायला लागेल आणि पुन्हा खडूवर यावं लागेल. तेल तर कधीच नाही.

फिरवताना खुंटी आत दाबत फिरवायची आणि दुसऱ्या हाताने पलीकडून आधार द्यायचा. फिरवण्याचं सगळ्यांच्या लक्षात राहतं, दाबायचं राहून जातं.

बुधवार

आज जवारीवर सविस्तर, कारण तंबोऱ्याचा जीव तिथे आहे.

घोडीचा वरचा भाग पट्टीसारखा सपाट दिसतो, पण त्याला फार हलका उतार दिलेला असतो. तार त्या उतारावर टेकत-सुटत थरथरते आणि नाद फुलतो. तार आणि घोडी यांच्यामध्ये सुती किंवा रेशमी दोरा सरकवला, की तार किती टेकेल ते ठरतं. शिवणाचा साधा एकेरी दोरा पुरतो. जाड दोरा घातला तर आवाज दबतो, कापसात गुंडाळल्यासारखा येतो.

दोरा हलवायचा तो तार छेडत छेडत, तीळभर पुढे, तीळभर मागे. एका जागी तार नुसती ठक्क वाजते, दुसऱ्या टोकाला करकरते. या दोन्हींच्या मध्ये एक अरुंद जागा आहे, तिथे आवाज उघडतो आणि लांबपर्यंत टिकतो. ती सापडली की थांबायचं. आणखी सुधारायला गेलं की हातची जाते. दोरा बसल्यावर सूर पुन्हा तपासावा लागतो, कारण दोऱ्याने तार थोडी उचलली जाते. हे न केल्यामुळे ‘जुळवला होता, तरी बेसूर वाजतोय’ असं होतं.

दोरा किती हलवला तरी आवाज उघडत नसेल, तर घोडी बघावी. वर्षानुवर्षं तार एकाच जागी घासून तिथे बारीक खाच पडते. ती खाच कानशीने काढून उतार परत देणं, म्हणजे जवारी काढणं, हे कारागिराचं काम. घरी पॉलिश पेपर घेऊन बसू नये. उतार एकदा बिघडला, की तो परत आणायला घोडी आणखी झिजवावी लागते.

गुरुवार

नळाला पाणी सहाला येतं, डबा सातला हवा, आठची पाळी. रियाजाला खरा वेळ सव्वापाच ते सहा. पाऊण तासाची वाटणी अशी बसते: जुळवणं वीस मिनिटं, खर्ज (खालच्या स्वरांचा रियाज) पंधरा, उरलेल्या दहात एकाच रागाचे चार-पाच आलाप. नवी बंदिश या वेळेत घेऊ नये. शब्दांकडे लक्ष गेलं की सुराकडून काढून घेतलं जातं.

खर्ज भरताना आवाज मोठा नको. मध्य षड्जापासून एकेक स्वर खाली उतरायचं, प्रत्येक स्वर एका श्वासाचा. जिथे घसा आवळायला लागतो, तिथून एक स्वर वर येऊन थांबायचं. ओढून खाली गेल्यास पहाटे काही जाणवत नाही, पण दुपारपर्यंत आवाज बसतो.

घसा धरलेला असला किंवा पाहुणे झोपलेले असले, तर गायचं नाही. तंबोरा मात्र जुळवायचा. तेवढा दिवस धरला जातो.

शुक्रवार

वहीत काय लिहावं? ‘आज छान लागला’ या वाक्याचा महिन्याने काही उपयोग होत नाही. तीन ओळी पुरतात: हवा आणि पट्टी, कुठली तार हलली, कुठला स्वर कुठे डगमगला. उदाहरणार्थ, ‘पाऊस. काळी चार. पंचम दोनदा उतरला, खुंटीला खडू. मंद्र धैवत श्वासाच्या शेवटी खाली जातो.’ अशा वीस-पंचवीस नोंदी एकत्र वाचल्या, की दोष गळ्यात आहे, श्वासात आहे की खुंटीत, ते दिसतं. खुंटी घसरत नसतानाही पंचम रोजच उतरत असेल, तर ती तार जुनी झाली असेल. नवी घालायला हवी. नवी तार पहिले काही दिवस ताणत राहते, म्हणून बैठकीच्या आदल्या दिवशी बदलू नये.

अजून एक नोंद, आनंदाची. सगळं जुळल्यावर खर्जाच्या तारेतून गंधार ऐकू येतो. तो कोणी लावलेला नसतो. खर्जाच्या पाचपट कंपनांचा तो स्वयंभू स्वर. पेटीचा गंधार याहून चढा असतो: पेटीच्या एका अर्ध्या स्वराचे १०० भाग केले, तर साधारण १४ भागांनी. म्हणून पेटीवर पाठ केलेला गंधार तंबोऱ्यासमोर टोचतो. भूप राग घ्यायचा तर आधी काही वेळ नुसतं ऐकत बसावं आणि गंधार तारेतूनच उचलावा.

छेडताना पंचम मधल्या बोटाने, बाकीच्या तीन तर्जनीने, बोटाच्या कडेने, नख न लावता. चारींमधलं अंतर सारखं. तबल्याच्या लयीत तंबोरा ओढू नये.

रविवार

सतारमेकर गल्ली. इथे जन्मलेल्या वाद्याला परगावचा माणूस मोठ्या मानाने घेऊन जातो आणि आपण मात्र खाच पडेपर्यंत इकडे फिरकत नाही, हे बरं नाही. भोपळे येतात मंगळवेढ्याकडून. रांगेत टांगलेले बघितले की कळतं, दोन भोपळे सारखे नसतात, मग दोन तंबोरे सारखे कसे वाजतील? मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळालं. किराणा घराण्याचे गायक अब्दुल करीम खाँसाहेब १९३७ साली गेले. त्यांची कबर इथल्याच मीरासाहेब दर्ग्यात आहे आणि त्यांच्या स्मरणार्थ दरवर्षी दर्ग्याच्या आवारात गाणं होतं. ज्या गावात सुराला इतका मान आहे, तिथल्या घरात तंबोरा बेसूर उभा असू नये, असं मनापासून वाटतं.

जवारीला देताना आपली पट्टी सांगावी आणि समोर बसून ऐकावं. ‘मोकळी’ हवी की ‘बंद’, हे कारागीर विचारतोच. मोकळी जवारी झगझगीत असते, बंद जवारी गोल आणि संथ. लहान खोलीत एकट्याने गायचं असेल तर मला बंद बरी वाटते.

कृष्णेचं पाणी वाढतंय. भिंतीला ओल आहे, म्हणून तंबोरा भिंतीपासून हातभर लांब, पाटावर, पाठीवर आडवा. खोलीत कापूर-उदबत्ती चालेल, पण शेगडी नको. एकदम कोरड्या उष्णतेने तबलीचा, म्हणजे भोपळ्यावरच्या लाकडी झाकणाचा, सांधा उकलतो. उद्या पहाटेसाठी नवा दोरा कापून गवसणीच्या खिशात ठेवला आहे.